प्रकाशाचा खांब उभारणारा सुतार

१९६७ साली जर्मनीतल्या वीसबाडेन शहरात रिचर्ड वाग्नर यांचा 'ट्रिस्टान उंड इझोल्डे' हा ऑपेरा नव्याने रंगमंचावर आला. दोन प्रेमिकांची ही कथा. गाणं अफाट, घटना मोजक्या, आणि नायक-नायिकेच्या मनात जे चाललंय तेच खरं नाटक. अशा कलाकृतीला सेट लावायचा तो कसला? १८६५ मधल्या पहिल्या प्रयोगापासून जहाजाचा डेक, रात्रीची बाग, किल्ल्याची तटबंदी हे सगळं अनेकदा रंगवून, ठोकून, उभारून झालं होतं. वीसबाडेनच्या प्रेक्षकांसमोर मात्र मंचावर प्रकाशाचा एक खांब उभा राहिला. हाताला लागणार नाही, पण डोळ्यांना दगडी खांबाइतका भरीव वाटेल असा.

यात जादू काहीच नव्हती. प्रकाशाचा झोत स्वच्छ हवेत दिसत नाही. कौलाच्या फटीतून घरात येणारा कवडसा आपल्याला दिसतो तो हवेतल्या धुळीमुळे. पण रंगमंचावर धूळ उडवून चालत नाही, आणि धूर सोडला तर तो पांगतो, शिवाय गायकांच्या घशात जातो. म्हणून हवेत अतिशय बारीक थेंबांचा फवारा सोडला गेला. त्या थेंबांना विद्युतभार दिलेला होता, त्यामुळे ते लगेच खाली न बसता तरंगत राहिले. त्यांच्यातून कमी व्होल्टेजच्या दिव्यांचे आखीव झोत सोडले आणि खांब तयार झाला. ही सगळी जुळवाजुळव करणारा माणूस होता चेकोस्लोव्हाकियाचा योसेफ स्वोबोदा. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी नेपथ्यकारांमध्ये त्यांची गणना होते, आणि त्यांचं मूळ शिक्षण होतं सुतारकामाचं.

मराठी माणसाला नाटकाचं वेड सांगावं लागत नाही. नटाची एंट्री, गायकाची तान, लेखकाचं वाक्य यांवर तो तासन्‌तास बोलतो. नेपथ्यावर मात्र 'सेट छान होता' इतकं बोलून पुढे जातो. वास्तविक आपल्या रंगभूमीची वळणं नेपथ्यातही दिसतात. संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, रस्ता, जंगल असे रंगवलेले पडदे वर-खाली होत. 'सैरंध्री'सारखा मूकपट काढणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर त्याआधी नाटकांचे पडदे रंगवत असत. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं आणि तीन भिंतींचा, खऱ्या दारा-खिडक्यांचा बॉक्स सेट मराठीत रुजायला लागला. पुढे १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांचीच भिंत झाली. म्हणजे चाळीस वर्षांत आपण रंगीत कापडावरून लाकडी दिवाणखान्यात आणि तिथून माणसांच्या भिंतीपर्यंत आलो. जागा कशी घडवायची, हा विचार प्रत्येक वेळी कोणीतरी केलेला होता. तो विचार करण्यात अख्खं आयुष्य घालवलेल्या माणसाची कारकीर्द पाहिली, की नेपथ्यकार नेमकं करतो काय हे नीट कळतं.

स्वोबोदांचा जन्म १० मे १९२० चा, प्रागच्या पूर्वेला असलेल्या चास्लाव या छोट्या गावातला. वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता. मुलाने आधी हात चालवायला शिकावं, मग हवं ते करावं, असं वडिलांचं मत. त्यामुळे मुलगा रंधा, पटाशी, सांधे यांत तयार झाला आणि पुढे प्रागमध्ये या धंद्याचं रीतसर शिक्षणही घेऊन आला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. नाझी राजवटीत चेक विद्यापीठं बंद झालेली. अशा दिवसांत काही तरुणांनी मिळून प्रागमध्ये एक हौशी नाट्यसंस्था काढली आणि १९४३ मध्ये स्वोबोदांचं नेपथ्य पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आलं. युद्ध संपल्यावर त्यांनी वास्तुकलेला प्रवेश घेतला, पण शिकता शिकताच कामाला जुंपले गेले. प्रागमधल्या पूर्वीच्या जर्मन नाट्यगृहात '५ मे'च्या नावाने नवा ऑपेरा सुरू झाला होता. तिथे पंचविशीतला हा विद्यार्थी नेपथ्याचा प्रमुख झाला. दिग्दर्शक आल्फ्रेद रादोक आणि व्हाक्लाव काश्लीक हे त्यांचे तिथले साथीदार. १९४८ मध्ये ही संस्था राष्ट्रीय नाट्यगृहात विलीन झाली आणि स्वोबोदा तिथे आले. पुढची चार दशकांहून अधिक वर्षं त्यांचं घर तेच राहिलं.

सुतारकाम आणि वास्तुकला, या दोन्हींचा त्यांच्या नेपथ्यावर खोल परिणाम आहे. त्यांच्या आधीचे बहुतेक नेपथ्यकार चित्रकार होते. ते आधी एक सुंदर चित्र काढत आणि मग कारागिरांना ते मंचावर उतरवायला सांगत. चित्रकार कागदावर विचार करतो, सुतार वजन आणि जोड यांचा विचार करतो. एखादी फळी किती जाड हवी, ती कुठे टेकेल, सरकवली तर आवाज करेल का, हे प्रश्न स्वोबोदांना आधी सुचत. नेपथ्य म्हणजे नटाच्या पाठीमागचं चित्र, ही कल्पना त्यांना मान्यच नव्हती. नाटकातला ताण वाढला तर जागाही आवळली पाहिजे, पात्र एकटं पडलं तर मंच विस्तारला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या अंकाला लावलेला सेट तिसऱ्या अंकापर्यंत निमूट उभा राहतो, हेच त्यांना खटकायचं.

हा विचार पूर्णपणे त्यांचा नव्हे. स्वित्झर्लंडचे आडॉल्फ आपिया आणि इंग्लंडचे एडवर्ड गॉर्डन क्रेग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच रंगीत पडदे बाजूला सारून पायऱ्या, चौथरे आणि प्रकाश यांची भाषा मांडली होती. पण त्या दोघांची बरीचशी स्वप्नं रेखाटनांतच राहिली. मोटारी, प्रोजेक्टर, चांगले दिवे आणि मुख्य म्हणजे हाताशी कार्यशाळा असलेलं नाट्यगृह स्वोबोदांना मिळालं.

१९६३ चं 'रोमिओ आणि ज्युलिएट' हे नाटकासोबत हलणाऱ्या जागेचं ठळक उदाहरण. दिग्दर्शक ओतोमार क्रेयचा. मंचावर व्हेरोना शहराचे तुकडे होते: कमानींची एक गॅलरी, भिंती, पायऱ्या, चौथरे. हे भाग वर-खाली, पुढे-मागे सरकत आणि प्रसंग पालटला की नव्याने जुळत. कमानींची गॅलरी तर खाली आधार नसल्यासारखी तरंगायची. मध्ये अंधार करायचा, माणसांनी पळत येऊन सामान हलवायचं आणि पुन्हा उजेड, असला प्रकार नाही. बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत व्हायचा, नटांच्या हालचालीला धरून. ज्यांनी कधी नाटकात बॅकस्टेज केलं आहे त्यांना यातली जोखीम लगेच कळेल. चौथरा दोन सेकंद उशिरा आला तर नटाचा पाय हवेत पडतो.

त्याआधी १९६० मध्ये याच जोडीने चेखॉव्हचं 'सीगल' केलं होतं. तिथे स्वोबोदांनी मंचाच्या वर पानांच्या फांद्या टांगल्या आणि त्यांच्यातून प्रकाश पाझरवला. उन्हाळ्याची दुपार दाखवायला त्यांना निळ्या आकाशाचा पडदा लागला नाही. प्रकाशाचे पडदे करण्याचं त्यांचं तंत्र याच काळात पक्कं झालं. दिवे मंचाच्या मागच्या बाजूने, प्रेक्षकांच्या दिशेला कललेले ठेवायचे आणि त्यांच्या झोतांची एक सलग भिंत उभी करायची. त्या भिंतीपलीकडचं काहीच दिसत नाही. दिवे मालवले की भिंत नाहीशी.

यासाठी लागणारा दिवा बाजारात नव्हता, म्हणून तो बनवावा लागला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. दिव्याचं व्होल्टेज जितकं कमी, तितकी आतली तार जाड आणि आखूड ठेवता येते. तार आखूड असली की प्रकाशाचा उगम छोट्या ठिपक्यात सामावतो, आणि मग आरशाच्या मदतीने झोत न फाकता सरळ सोडता येतो. मोटारगाडीचा हेडलाइट याच कारणाने प्रखर असतो. स्वोबोदांच्या पट्टीत २४ व्होल्टचे, २५० वॉटचे नऊ दिवे एका ओळीत असतात. ते एकापुढे एक जोडले की २१६ व्होल्ट होतात, म्हणजे युरोपातल्या भिंतीतल्या विजेच्या जवळपास तेवढेच. वेगळा जड ट्रान्सफॉर्मर बाळगायची गरज उरत नाही. बेल्जियमच्या एडीबी कंपनीने ही पट्टी बाजारात आणली आणि जगभरचे प्रकाशयोजनाकार आजही तिला 'स्वोबोदा' याच नावाने ओळखतात. माणसाचं नाव अवजाराला मिळावं, यापेक्षा मोठा मान कारागिराला कोणता हवा!

जगाला स्वोबोदांचं नाव कळलं ते १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात. चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादोक आणि त्यांनी 'लातेर्ना मागिका' हा प्रयोग सादर केला. त्यात पडद्यावरचा चित्रपट आणि समोरचे जिवंत नट एकमेकांशी खेळत. निवेदिका मंचावर उभी असे आणि तीच निवेदिका पडद्यावरून दुसऱ्या भाषेत तिच्याशी बोलत असे. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेला मिलोश फोरमान हा तरुणही या प्रयोगाच्या लेखनात होता. त्याच प्रदर्शनात 'पोलिएक्रान' हा दुसरा प्रयोग होता, वेगवेगळ्या आकारांच्या आणि कोनांतल्या पडद्यांवर एकाच वेळी चालणारा. आज मोठ्या नाटकांत आणि लग्नाच्या हॉलमध्येही एलईडी भिंत लागते, तेव्हा हे फारसं नवलाचं वाटणार नाही. पण १९५८ मध्ये हे सगळं फिल्मच्या रिळांवर चालत होतं.

नऊ वर्षांनी मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनात त्यांनी आणखी पुढची झेप घेतली. ११२ घनाकृती खोक्यांची एक भिंत. प्रत्येक खोकं पुढे-मागे सरकणारं, प्रत्येकाच्या पोटात दोन स्लाइड-प्रोजेक्टर. सगळ्या खोक्यांवर मिळून एक चित्र दिसायचं, मग ते फुटून ११२ चित्रं व्हायची, आणि पुन्हा जुळायची. प्रेक्षक जमिनीवर बसून ते पाहत.

स्वोबोदा मात्र या तंत्राच्या प्रेमात आंधळे झाले नाहीत. 'लातेर्ना मागिका'ची मर्यादा त्यांना ठाऊक होती. चित्रपट एकदा कापून जोडला की तो रोज त्याच वेगाने चालतो. नट आज थोडा थांबला, प्रेक्षक हसले म्हणून वाक्य लांबलं, तर पडदा त्याच्यासाठी थांबत नाही. नाटकाचा प्राण असलेली ती लवचीकता इथे हरवते आणि नट यंत्राचा ताबेदार होतो. या अडचणीवर १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये त्यांनी एक उत्तर शोधलं. लुईजी नोनो या इटालियन संगीतकाराचा 'इन्तोलेरान्झा' हा ऑपेरा, विषय असहिष्णुतेचा. त्यांनी मंचावर आणि प्रेक्षागृहात टेलिव्हिजनचे कॅमेरे लावले आणि चित्र त्याच क्षणी मोठ्या पडद्यांवर दाखवलं. प्रेक्षकांना नट दिसत होते तसे स्वतःचे चेहरेही दिसत होते. मग चित्र निगेटिव्ह केलं गेलं आणि गोरे प्रेक्षक पडद्यावर काळे झाले. वर्णद्वेषाविरुद्धचा लढा तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर पेटलेला होता. नेपथ्य एरवी दृश्य सुंदर करतं. इथे त्याने प्रेक्षकांना त्यांच्या खुर्चीतून उचलून नाटकात आणून उभं केलं.

ऑपेरा हा प्रकार नेपथ्यकाराची खरी परीक्षा घेतो, आणि स्वोबोदांचं कितीतरी काम ऑपेरातलंच आहे. आपल्या संगीत नाटकात गद्य आणि पदं आलटून पालटून येतात. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊन होतं आणि मंचासमोरच्या खड्ड्यात मोठा वाद्यवृंद बसतो. त्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, तोही मायक्रोफोनशिवाय. त्यामुळे सेटचा आवाजाशी थेट संबंध येतो. गायकाच्या मागे कडक पृष्ठभाग असला तर आवाज पुढे फेकला जातो, मखमलीचे पडदे असले तर तो शोषला जातो. गायकाला संचालकाची छडी सतत दिसली पाहिजे, म्हणून त्याला कोपऱ्यात पाठमोरं उभं करता येत नाही. मंचाला फार उतार दिला तर तीन तास उभं राहून गाणाऱ्यांचे गुडघे दुखतात. साठ-सत्तर जणांचा कोरस एका दारातून पटकन आत-बाहेर गेला पाहिजे. हे सगळं सांभाळून वर कल्पकता दाखवायची.

कामाची पद्धतही वेगळी. मोठी ऑपेरागृहं आपले कार्यक्रम काही वर्षं आधी ठरवतात. नेपथ्यकार संगीत ऐकतो, दिग्दर्शकाशी चर्चा करतो, रेखाटनं करतो आणि मग छोटं मॉडेल बनवतो, बहुधा १:२५ या प्रमाणात. म्हणजे सहा फुटी गायक मॉडेलमध्ये जेमतेम सात सेंटीमीटरचा. त्या मॉडेलमध्ये डोकं घालून बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीवरून काय दिसेल, हे पाहायचं. त्यानंतर ग्राउंड प्लॅन आणि छेद यांची मापं घातलेली ड्रॉइंग्ज. जर्मन ऑपेरागृहांत तर प्रत्यक्ष बांधकाम सुरू होण्याआधी फळ्या, पट्ट्या आणि कापड लावून सेटचा कच्चा आकार मंचावर उभा करून पाहण्याची प्रथा आहे. मग सुतार, वेल्डर, रंगारी, कापडवाले कामाला लागतात. एवढं करून सेट एकदा लावला की सुटका नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या ठिकाणी एका आठवड्यात चारपर्यंत वेगवेगळे ऑपेरा होतात. आज रात्री व्हेर्दी, उद्या मोझार्ट. म्हणजे प्रयोग संपला की सेट उतरवायचा आणि दुसरा लावायचा. जो सेट वेळेत निघत नाही तो कितीही देखणा असला तरी तिथे टिकत नाही.

आपल्या नेपथ्यकारांना ही अट वेगळ्या रूपात चांगलीच माहीत आहे. दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात, रात्रीचा दुसऱ्यात, आणि पुढच्या आठवड्यात दौरा. प्रत्येक मंचाची रुंदी वेगळी, विंगेतली जागा वेगळी. म्हणून भिंतींचे फ्लॅट घडीचे हवेत, लेव्हल म्हणजे चौथरे सुटे हवेत, आणि सगळं गाडीत मावलं पाहिजे. एवढ्या बंधनांत चांगला सेट करणारे लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हे कौशल्य युरोपातल्या कौशल्याहून तसूभरही कमी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९६० आणि ७० च्या दशकांत स्वोबोदांना जगभरातून बोलावणी येत होती. १९६७ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी चेखॉव्हचं 'थ्री सिस्टर्स' बसवलं. स्वोबोदांनी मंचाच्या कडेने ताणलेल्या दोऱ्या लावल्या. समोरून प्रकाश पडला की त्या दोऱ्यांची भिंत व्हायची, मागून पडला की भिंत विरघळून पलीकडची मोकळी जागा दिसायची. मॉस्कोला जाण्याची आस धरून बसलेल्या, पण कुठेच न जाऊ शकणाऱ्या तीन बहिणींच्या नाटकाला याहून नेमकं घर सुचणं अवघड. बायरॉइटला, म्हणजे वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, त्यांनी १९६९ मध्ये 'फ्लाइंग डचमन' आणि १९७४ मध्ये 'ट्रिस्टान' केलं. १९७४ ते ७६ या काळात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात ग्योट्झ फ्रीडरिश यांच्या दिग्दर्शनाखाली वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेचं नेपथ्य त्यांचं होतं. तिथे एकच मोठा चौथरा होता. तो फिरायचा, उचलला जायचा, कलायचा, आणि त्याच्या खालच्या बाजूला आरसा होता. चौथरा वर गेला की खालचं पाताळ आरशात दिसे. देव वर, पाताळवासी खाली, ही वाग्नरच्या कथेतली उतरंड एका यंत्रात मावली.

आरसा हे स्वोबोदांचं जुनं वेड. १९४६ मध्ये, म्हणजे विद्यार्थी असतानाच, त्यांनी चापेक बंधूंच्या 'किड्यांच्या आयुष्यातून' या नाटकासाठी मंचावर कललेले दोन मोठे आरसे लावले होते. ('रोबो' हा शब्द जगाला देणारे ते हेच चापेक बंधू.) फिरत्या रंगमंचावर नट चालत आणि आरशांत ते वरून पाहिल्यासारखे, खरोखरच्या किड्यांसारखे दिसत.

याच कल्पनेचं सगळ्यांत सुंदर रूप दिसलं ते सेहेचाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इटलीतल्या माचेराता गावी. तिथलं स्फेरिस्तेरिओ हे खुलं प्रेक्षागृह एकोणिसाव्या शतकात चेंडूच्या एका खेळासाठी बांधलं गेलं होतं. त्यामुळे मंच लांबच लांब, पण खोली फार कमी, आणि मागे सरळसोट उंच भिंत. व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' करायचा होता. पॅरिसची गणिका व्हिओलेटा, तिचं प्रेम, समाजाने केलेली तिची कोंडी आणि क्षयाने होणारा मृत्यू, अशी ही कथा. एरवी झुंबरं आणि मखमली कोच यांच्या गर्दीत ती सांगितली जाते. दिग्दर्शक हेनिंग ब्रोकहाउस आणि स्वोबोदा यांनी सगळी दृश्यं रंगवलेल्या कापडांवर उतरवली आणि ती कापडं जमिनीवर अंथरली, एकावर एक. पाठीमागे एक अजस्र आरसा ४५ अंशांत कलवून ठेवला. जमिनीवर सपाट पडलेलं चित्र आरशात उभं होऊन पाठीमागचा पडदा बनलं. कमी खोलीचा मंच एकदम खोल दिसायला लागला. गायक समोरून दिसत होते आणि त्याच वेळी आरशात वरूनही. मेजवानीच्या गर्दीत व्हिओलेटा किती एकटी आहे, हे वरून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं समोरून कळत नाही. दृश्य बदलायचं तर वरचं कापड ओढून काढायचं, खालचं चित्र उघडं पडतं. दिवाणखान्याच्या जागी फुलांचं कुरण येतं. शेवटी कापडं संपतात आणि मरणाऱ्या व्हिओलेटाच्या पायाखाली नुसता उघडा मंच उरतो. मग आरसा हळूहळू सरळ होतो आणि त्यात दिसतात ते प्रेक्षक. ज्या समाजाने तिला आधी मिरवलं आणि मग टाकलं, त्या समाजात आपण मोडतो का, हा प्रश्न एका शब्दाशिवाय विचारला जातो. हा प्रयोग पुढे कितीतरी ठिकाणी पुन्हा उभा राहिला.

एका आरशात इथे अवघड जागेचा प्रश्न सुटला, दृश्यबदल सोपा झाला आणि नाटकाचा अर्थही हाती लागला. चांगलं नेपथ्य ओळखायचं असेल तर मी कोणालाही हेच उदाहरण सांगेन.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही आहे. स्वोबोदांची यंत्रं नटांना झाकोळून टाकतात, अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली, आणि काही प्रयोगांबाबत ती रास्त असावी. राजकारणाचा काच तर कायमचाच होता. चेकोस्लोव्हाकियात १९४८ पासून कम्युनिस्ट राजवट होती आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला रंगभूमीवर समाजवादी वास्तववादाची सक्ती होती. 'लातेर्ना मागिका'च्या यशानंतर दोनेक वर्षांतच रादोक यांना सत्ताधाऱ्यांची गैरमर्जी भोवली आणि त्यांना त्याच नावाने उभ्या राहिलेल्या स्वतःच्याच संस्थेतून बाहेर पडावं लागलं. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, रादोक देश सोडून स्वीडनला गेले. क्रेयचांचं नाट्यगृह १९७२ मध्ये बंद करण्यात आलं. स्वोबोदा मात्र राहिले, परदेशी कामं करत राहिले आणि १९७३ पासून 'लातेर्ना मागिका'चे कलाप्रमुख झाले. जवळचे सहकारी एकेक करून दूर होत असताना त्यांनी हे कसं पचवलं असेल, असं मनात येतंच. पण नेपथ्यकाराला कार्यशाळा लागते, कारागीर लागतात, नाट्यगृह लागतं. कवीसारखा तो वही घेऊन परदेशात जाऊ शकत नाही, हेही तितकंच खरं.

सातशेहून अधिक प्रयोगांचं नेपथ्य करून ८ एप्रिल २००२ रोजी स्वोबोदा प्रागमध्ये वारले.

हा व्यवसाय करावासा वाटणाऱ्या मुलामुलींनी यातून काय घ्यावं? एक तर चित्रकला येणं पुरेसं नाही. मापं घेता आली पाहिजेत, लाकूड-लोखंडाचं वजन कळलं पाहिजे, विजेची थोडी जाण हवी आणि संहिता वाचण्याची सवय हवी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगतंत्र आणि आरेखन हा विशेष अभ्यासाचा विषय आहे, वास्तुकला आणि कलाशाळांतूनही अनेक जण या वाटेला येतात. दुसरं म्हणजे प्रायोगिक नाटकात, एकांकिका स्पर्धेत विंगेत उभं राहून सेट लावण्या-उतरवण्याचं काम आधी करावं. पैशाच्या बाबतीत भ्रमात राहू नये. युरोपातल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहांत नेपथ्यकाराला पगाराची नोकरी असू शकते. आपल्याकडे बहुतेकांना नाटकामागे एकरकमी मानधन मिळतं, आणि अनेकांचं घर चालतं ते मालिका, चित्रपट किंवा कार्यक्रमांच्या सजावटीवर.

स्वोबोदांबद्दल आज इतकं बारकाईने लिहिता येतं, त्याचं एक साधं कारण आहे. त्यांची ड्रॉइंग्ज, मॉडेल्स, फोटो जपले गेले. यार्का ब्युरियन या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ मध्येच त्यांच्या कामावर सविस्तर पुस्तक लिहिलं आणि पुढे त्यांचं आत्मकथनही इंग्रजीत आणलं. आपल्याकडे नाटक बंद झालं की सेट मोडतो, प्लायवूड दुसऱ्या नाटकाला जातं आणि ग्राउंड प्लॅनचा कागद कपाटावर पडून राहतो. नट आणि गायक निदान ध्वनिमुद्रणात आणि चित्रफितींत उरतात. नेपथ्यकाराचं काम त्या कागदातच असतं. म्हणून नाट्यसंस्थांना आणि वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, संस्थेच्या कार्यालयात, एखाद्या जुन्या ट्रंकेत नाटकाच्या सेटचा आराखडा, पुठ्ठ्याचं मॉडेल किंवा पडद्याचं रेखाटन असेल, तर ते रद्दीत देऊ नका. त्यावर नाटकाचं नाव, साल आणि नेपथ्यकाराचं नाव लिहा, त्याचा चांगला फोटो काढा आणि जवळच्या नाट्यविभागाला किंवा ग्रंथालयाला द्या.